हिवाळ्यात वीज खंडित झाली असता खेड्यातील कर्मशाळेने काय करावे?

रब्बीचा हंगाम आणि खेड्यातील कर्मशाळा यांचा संबंध फार निकटचा आहे. मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत गहू, हरभरा व कांदा या पिकांना पाण्याच्या पाळ्या द्यावयाच्या असतात. ऊस तोडणीस आलेला असतो आणि गुऱ्हाळे पेटलेली असतात. याच सुमारास पंपाची मोटर जळते, चरकाचा दाता तुटतो, उसाच्या ट्रॉलीचा हुक मोडतो, नांगराचा फाळ बोथट होतो. ही सर्व कामे गावच्या लोहाराकडे किंवा सडकेच्या कडेला असलेल्या वेल्डिंग व लेथच्या दुकानात येतात. पुणे शहराभोवतीच्या हवेली, मुळशी, दौंड, शिरूर या तालुक्यांत अशा लहान कर्मशाळा गावोगाव दिसतात. त्यांच्या जोरावरच शेतीची यंत्रे हंगामभर चालू राहतात.

परंतु या कर्मशाळांतील जवळजवळ प्रत्येक यंत्र आज विजेवर चालते. भट्टीचा पंखा, ड्रिल, सहाणयंत्र, लेथ, वेल्डिंगचा संच आणि रात्रीचा दिवा ही सारी साधने एकाच तारेवर टांगलेली असतात. ती तार तुटली की कारागीर हातावर हात ठेवून बसतो आणि दारात शेतकऱ्यांची रांग लागते. वास्तविक वीज जाणे ही काही अघटित गोष्ट नव्हे. वीज जाते आणि परतही येते. नुकसान होते ते मुख्यतः पूर्वतयारी नसल्यामुळे. प्रत्येक निकडीच्या कामाला विजेवाचून करता येईल असा दुसरा मार्ग ठेवणे आणि कोणते काम आधी करावयाचे हे पिकाच्या गरजेवरून ठरविणे, या दोन गोष्टी ज्या कर्मशाळेने साधल्या, तिचा हंगाम वीज गेल्याने बुडत नाही. ही तयारी कशी करावी याचे विवेचन पुढे केले आहे.

१९६७ च्या डिसेंबरचा धडा

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे सव्वाचारच्या सुमारास सातारा जिल्ह्यातील कोयना परिसरात तीव्र भूकंप झाला. पावणेदोनशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली आणि कोयनानगर वसाहतीतील बहुसंख्य घरांची हानी झाली. धरणाच्या भिंतीला भेगा पडल्या, तथापि धरण उभे राहिले. पुण्यातही हा धक्का चांगलाच जाणवला व लोक अंथरुणातून उठून घराबाहेर आले. सह्याद्रीच्या पश्चिम पायथ्याशी पोफळीजवळ असलेल्या भूमिगत वीजगृहातील वीजनिर्मिती थांबली आणि मुंबई-पुण्याकडील उद्योगधंद्यांना त्याचा फटका बसला.

शेतीच्या दृष्टीने हा दिवस कोणता होता याचा विचार करावा. २० नोव्हेंबरला पेरलेला गहू ११ डिसेंबरला बरोबर एकवीस दिवसांचा होतो. गव्हाला मुकुटमुळे फुटण्याची अवस्था पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी येते व त्या वेळचे पाणी चुकले तर पुढे कितीही पाणी दिले तरी फुटव्यांची उणीव पुरती भरून निघत नाही. म्हणजे ऐन डिसेंबरात पुरवठा खंडित झाला, तर ज्याच्या पंपाला दुसरा आधार नाही, त्याचे पीक आणि ज्याच्याकडे तो पंप दुरुस्तीसाठी येतो, तो कारागीर हे दोघेही एकाच वेळी अडचणीत येतात.

१९६७ नंतर वीजकेंद्रे परस्परांना जोडणारे जाळे पुष्कळ विस्तारले आहे. एक केंद्र बंद पडल्याने सगळा प्रदेश बराच काळ अंधारात राहण्याचा संभव त्यामुळे कमी झाला आहे. परंतु विजेची टंचाई व स्थानिक बिघाड यांची बाधा संपलेली नाही. २००५ नंतरच्या काही वर्षांत महाराष्ट्रात मोठे भारनियमन करावे लागले. त्या काळात, २००६ मध्ये, पुण्यातील कारखान्यांनी टंचाईच्या तासांत आपापली जनित्रे चालवून जाळ्यावरील भार हलका केला आणि शहराची भारनियमनातून सुटका झाली. ‘पुणे प्रारूप’ या नावाने तो प्रयोग ओळखला गेला. शहराभोवतीच्या खेड्यांना मात्र अशी सोय नव्हती. त्यांना रोज कित्येक तास विजेवाचून काढावे लागत. स्वतःजवळ असलेली शक्ती योजनापूर्वक वापरली तर टंचाईतही मार्ग निघतो, हे त्या प्रयोगाचे सार खेड्यालाही लागू आहे.

खंड किती काळाचा आहे, हे प्रथम ओळखावे

वीज गेल्यावर ती किती वेळात येईल याचा अंदाज घेऊन पुढील काम आखावे. हिवाळ्यात साधारणतः तीन प्रकारचे खंड पडतात.

पहिला प्रकार काही मिनिटांचा किंवा एक-दोन तासांचा. पहाटे दव पडून तारमार्गावरील चिनीमातीच्या चिमण्या ओल्या होतात. त्यांवर धूळ साचलेली असल्यास वीज त्या ओल्या धुळीवरून खांबाकडे वाहते व उपकेंद्रातील स्विच आपोआप सुटतो. ऊन वर आले व दव वाळले की असा पुरवठा बहुधा पूर्ववत होतो.

दुसरा प्रकार एक-दोन किंवा अधिक दिवसांचा. रब्बीत सर्वांचे पंप एकाच वेळी चालू होतात, रोहित्रावर, म्हणजेच गावकऱ्यांच्या भाषेत डीपीवर, प्रमाणाबाहेर भार पडतो व ते जळते. कधी उसाने उंच भरलेली ट्रॉली तारेला अडकून तार तुटते. तुटलेल्या तारेजवळ कोणीही जाऊ नये. तिच्यात वीज आहे असेच समजून माणसे व गुरे दूर ठेवावीत आणि १९१२ या क्रमांकावर त्वरित तक्रार नोंदवावी.

तिसरा प्रकार मोठ्या बिघाडाचा. त्यात अनेक गावांचा पुरवठा एकदम जातो. अशा वेळी शेजारच्या गावातील कर्मशाळेकडे धाव घेण्याचा उपयोग नसतो. आपल्या गावात काय आहे त्यावरच निभवावे लागते.

वीज जाताच पहिली दहा मिनिटे

पुष्कळ अपघात वीज गेल्यावर नव्हे, तर ती अचानक परत आल्यावर होतात. ड्रिल चालू असता वीज जाते, कारागीर अडकलेला गिरमिट हाताने सोडवू लागतो आणि तेवढ्यात वीज येते. बोटे जाण्यास एवढे कारण पुरते. यास्तव वीज जाताच पुढील क्रम न चुकता पाळावा.

१. प्रत्येक यंत्राचा स्विच बंद करावा व त्यानंतर मेन स्विच खाली ओढावा. पंपाच्या स्टार्टरला आपोआप चालू होणारी ‘ऑटो’ची जोडणी केलेली असल्यास ती प्रथम बंद करावी.

२. वीज आली हे कळावे म्हणून मेन स्विचच्या अलीकडे एक खूणदिवा ठेवावा. तो जाणकार वीजतंत्र्याकडून बसवून घ्यावा.

३. स्विच बंद झाल्यानंतरच लेथवरील हत्यार कामापासून मागे घ्यावे आणि ड्रिलमधील गिरमिट चक हाताने उलटे फिरवून मोकळे करावे.

४. भट्टीतील लोखंड बाहेर काढावे किंवा हाताचा भाता लावून काम पुरे करावे. वारा बंद झालेल्या निखाऱ्यात लोखंड तसेच पडू दिल्यास त्यावर खपली धरते आणि पोलादाचा फाळ असल्यास त्याचा कस उतरतो.

५. वेल्डिंगचा सांधा अर्धवट राहिला असल्यास त्यावर खडूने खूण करावी. असा भाग शेतकऱ्याने घाईने उचलून नेऊ नये. अर्धा जोडलेला ट्रॉलीचा हुक भर सडकेवर निसटला तर मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतते.

कामाची प्रतवारी

वीज नसताना सर्व कामे होणार नाहीत हे उघड आहे. मग आधी कोणाचे करावे? जो प्रथम आला त्याचे प्रथम, हा नियम एरवी न्याय्य असला तरी अडचणीच्या वेळी पुरेसा नाही. ज्याची तक्रार मोठ्या आवाजात, त्याचे काम आधी, ही रीत तर सर्वथा त्याज्य होय. दारावर एक फळा टांगावा आणि कामांची तीन प्रतींत नोंद करावी.

पहिल्या प्रतीत माणसांच्या व जनावरांच्या पाण्याची कामे घ्यावीत. गावच्या पाणीपुरवठ्याचा पंप, गोठ्याच्या पाण्याचा पंप, हातपंपाचा दांडा ही त्यांची उदाहरणे होत.

दुसऱ्या प्रतीत ज्या कामांना पीक थांबणार नाही ती कामे यावीत. येथे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचे साहाय्य मोलाचे ठरते. कोणाचा गहू किती दिवसांचा आहे, कोणाचा हरभरा फुलोऱ्यात आहे, हे त्याला ठाऊक असते. एकवीस दिवसांच्या गव्हाला पाणी देणारा पंप आणि तीस दिवसांच्या, नुकतीच पाळी दिलेल्या गव्हाचा पंप हे दोन्ही एकाच दिवशी दुरुस्तीला आले, तर पहिला आधी घेणे योग्य. दुसऱ्याची पुढील महत्त्वाची पाळी फुटवे फुटण्याच्या सुमारास, म्हणजे ४० ते ४५ दिवसांनी येते. त्याला थांबण्यास अवधी आहे, हे त्याला समजावून सांगता येते.

गुऱ्हाळाचे कामही याच प्रतीत मोडते. दौंड तालुक्यात केडगावच्या परिसरात गुऱ्हाळांची वस्ती दाट आहे. तोडलेला ऊस शक्य तो चोवीस तासांच्या आत गाळावा लागतो. तो पडून राहिल्यास साखर उतरते व गुळाची प्रत बिघडते. काढलेला रस तर काही तासांतच आंबू लागतो. चरक विजेवर चालत असला तरी काहील चिपाडाच्या जाळावर तापते. त्यामुळे वीज गेल्यावर काहिलीत आलेला रस आटवून पुरा करावा, नवा ऊस तोडू नये, आणि चरकाला इंजिन वा ट्रॅक्टर जोडण्याची व्यवस्था प्रथम पाहावी.

तिसऱ्या प्रतीत फाटके, खिडक्यांच्या जाळ्या, उन्हाळ्यातील मशागतीची अवजारे व रंगकाम ही आठवडाभर थांबू शकणारी कामे ठेवावीत. फळ्यावर नाव व प्रत लिहिलेली असली म्हणजे वाद होत नाहीत. आपले काम का मागे पडले हे शेतकऱ्याला दिसते आणि कारागिरावर पक्षपाताचा आरोप येत नाही.

हाताची साधने पुन्हा जागेवर आणावीत

विजेची यंत्रे आल्यापासून हाताची हत्यारे अनेक ठिकाणी अडगळीत पडली आहेत. ती काढून, तेलपाणी करून ठेवावीत. हाताने फिरवावयाचा भट्टीचा पंखा किंवा चामड्याचा भाता, ऐरण, घण, सांडशी, हाताचे ड्रिल, कानशी, हॅकसॉची पाती, आटे पाडण्याचा संच व रिव्हेट एवढ्या साहित्यावर पुष्कळ काम निभते. फाळाला धार काढणे, कुळवाची पास सरळ करणे, पट्टीला भोक पाडून बोल्टने तात्पुरती जोड देणे ही कामे पूर्वी विजेवाचूनच होत असत. तरुण कारागिरांना हे हातकाम शिकविण्यास वीज गेलेल्या दिवसासारखी दुसरी शाळा नाही.

विजेच्या वेल्डिंगऐवजी वायूची वेल्डिंग करता येते. तिला वीज लागत नाही. मात्र सिलिंडर उभे व साखळीने बांधलेले असावेत. ऑक्सिजनच्या झडपेला तेल अथवा ग्रीस यांचा स्पर्शही होऊ देऊ नये, कारण त्यामुळे स्फोट होण्याचा धोका असतो. कडबाकुट्टीला मोटर बसविताना तिचे हाताने फिरवावयाचे मोठे चाक काढून टाकण्याची चूक शेतकऱ्यांनी करू नये. वीज नसताना तेच चाक गुरांना वैरण मिळवून देते.

तेल इंजिन: योग्य निवड व योग्य जोडणी

कर्मशाळेचा खरा आधार म्हणजे डिझेलचे इंजिन. या बाबतीत पुणे जिल्हा भाग्यवान आहे. खडकी येथे १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. शेतावरची तेल इंजिने दुरुस्त करण्याचे कसब त्यामुळे या भागात चांगले रुजले आहे. विजेचे पंप आल्यावर पुष्कळ शेतकऱ्यांची जुनी इंजिने गोठ्यात धूळ खात पडली. ती मोडीत घालण्यापूर्वी दुरुस्त होतात का हे पाहावे.

इंजिनाने जनित्र फिरवावयाचे, त्या विजेवर मोटर चालवावयाची आणि मोटरीने यंत्र फिरवावयाचे, हा मार्ग सोपा वाटला तरी खर्चिक आहे. ३ अश्वशक्तीच्या मोटरीचे उदाहरण घ्यावे. एक अश्वशक्ती म्हणजे ७४६ वॅट. या हिशेबाने ती मोटर २,२३८ वॅटचे काम देते आणि स्वतः सुमारे २,८०० वॅट खाते. सुरू होताना काही क्षण तिला नेहमीच्या पाच ते सात पट प्रवाह लागतो. त्यामुळे तिच्यासाठी साडेसात ते दहा केव्हीएचे जनित्र घ्यावे लागते. तेच यंत्र ५ अश्वशक्तीच्या इंजिनाला पट्ट्याने थेट जोडले तर मधली सारी गळती वाचते. म्हणून लेथ, सहाणयंत्र किंवा चरक यांना इंजिनाची थेट जोडणी करावी व जनित्र लहान कामांसाठी राखावे. लहान जनित्रावर वेल्डिंगचा ट्रान्सफॉर्मर चालविण्याचा मोह टाळावा. त्याने दोन्ही जळण्याचा संभव असतो.

पट्ट्याचा हिशेब कठीण नाही. इंजिन मिनिटास १,५०० फेरे घेत असेल व त्याची पुली ४ इंची असेल, तर यंत्रावर १६ इंची पुली बसविल्याने ते मिनिटास सुमारे ३७५ फेरे घेईल. पट्टा थोडा सरकत असल्याने प्रत्यक्षात फेरे किंचित कमी भरतात. सहाणयंत्राच्या दगडावर जे जास्तीत जास्त फेरे छापलेले असतात, ते कधीही ओलांडू नयेत. अधिक वेगाने दगड फुटून उडतो.

५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भाराने चालविल्यास तासाला साधारणतः एक ते सव्वा लिटर डिझेल लागते. चार तासांच्या कामासाठी पाच लिटर शिल्लक असावे, हा हिशेब त्यावरून निघतो. डिझेल भट्टीपासून दूर, झाकणबंद डब्यात ठेवावे व टाकीत भरताना गाळून घ्यावे. इंजिनावर केलेल्या कामाला खर्च अधिक येतो, हे शेतकऱ्यांनी समजून घ्यावे. कारागिरानेही जादा आकार किती व कशाचा, हे फळ्यावर आधीच लिहावे. अडलेल्यास नाडण्याचा संशय आला की गावचा विश्वास जातो आणि तो पुन्हा मिळविणे फार अवघड असते.

इंजिन नसेल तर ट्रॅक्टरचा उपयोग होतो. ट्रॅक्टरच्या मागील दांड्याची नेहमीची गती मिनिटास ५४० फेरे असते. त्यावर योग्य जोडणीने चरक, पंप किंवा जनित्र चालविता येते. फिरत्या दांड्यावर संरक्षक कवच अवश्य असावे.

थंडीच्या दिवसांत इंजिन सुरू करताना

पुण्याच्या परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तापमान १० ते १२ अंशांपर्यंत, कधी त्याहूनही खाली उतरते. एवढ्या थंडीने डिझेल गोठत नाही, परंतु वंगणाचे तेल दाट होते व इंजिन जड फिरते. अशा वेळी डीकॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडलने इंजिन आठ-दहा वेळा मोकळे फिरवावे, म्हणजे तेल सर्वत्र पोचते. पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात कोमट पाणी घातल्यास ते लवकर सुरू होते. तेलाच्या टाकीखाली जाळ करण्याची रीत काही ठिकाणी आढळते. ती अत्यंत धोक्याची असून तात्काळ बंद करावी.

हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवावा. इंजिनाने उलटा झटका दिल्यास वेढलेला अंगठा मोडतो. इंजिन सुरू झाल्यावर पाच मिनिटे भार न देता चालवावे व नंतर पट्टा चढवावा. बरेच दिवस बंद असलेले इंजिन सुरू होत नसल्यास डिझेलच्या नळीत हवा शिरली आहे का हे प्रथम पाहावे व ती हवा काढावी.

हिवाळ्याचा आणखी एक धोका कपड्यांचा. मफलर, शाल, सैल स्वेटर किंवा उपरणे गुंडाळून फिरत्या पट्ट्याजवळ उभे राहू नये. पट्ट्याने मफलर ओढला तर माणसाला ओरडण्यासही वेळ मिळत नाही. थंडी वाजत असल्यास अंगाबरोबर बसणारी बंडी घालावी.

जीव घेणाऱ्या दोन चुका

पहिली चूक बंद खोलीत इंजिन, जनित्र किंवा कोळशाची शेगडी चालविण्याची. थंडीमुळे दारे-खिडक्या लावून घेण्याकडे लोकांचा कल असतो. या जळणातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही व वासही नाही. डोके दुखू लागणे, भोवळ येणे, मळमळणे ही त्याची लक्षणे होत. माणूस झोपेत असल्यास ही लक्षणे त्याला कळतच नाहीत व त्याचा प्राण जातो. इंजिन व जनित्र नेहमी उघड्यावर, पत्र्याच्या मोकळ्या छपराखाली ठेवावे आणि त्याचा धूर घराच्या अगर गोठ्याच्या दिशेने जाऊ देऊ नये. कोणास बाधा झाली तर त्याला तात्काळ मोकळ्या हवेत आणावे व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

दुसरी चूक जनित्राची वायर सरळ घरच्या किंवा दुकानाच्या प्लगमध्ये खोचण्याची. मेन स्विच चालू राहिला तर जनित्राची वीज उलट्या मार्गाने रोहित्रापर्यंत जाते. जे रोहित्र एरवी ११,००० व्होल्टचा दाब उतरवून देते, तेच उलट दिशेने लहान दाबाचा मोठा दाब करते. पुरवठा बंद आहे अशा समजुतीने खांबावर चढलेला वायरमन त्या धक्क्याने मरण पावू शकतो. तो गावच्याच दिव्यांसाठी खांबावर चढलेला असतो, हे विसरू नये. म्हणून जनित्र व बाहेरची तार यांपैकी एकाच वेळी एकच जोडली जाईल असा चेंजओव्हर स्विच बसविल्याखेरीज जनित्र वापरू नये. हा स्विच परवानाधारक वीजतंत्र्याकडूनच बसवून घ्यावा व जनित्राला स्वतंत्र भूसंपर्क द्यावा.

दिवे व बॅटरी

हिवाळ्यात दिवस लहान असतो व सायंकाळी सहानंतर उजेड उरत नाही. अंधारात काम केल्याने हात कापतात आणि मापे चुकतात. दिव्यांपुरता इन्व्हर्टर कर्मशाळेत असावा. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांच्या एका बॅटरीत १,८०० वॅट-तास शक्ती मावते. बॅटरीचे आयुष्य टिकावे म्हणून तीतील निम्मीच, म्हणजे ९०० वॅट-तास वापरावी. इन्व्हर्टरमधील गळती वजा जाता सुमारे ७२० उरतात. ९ वॅटचे पाच एलईडी दिवे एकूण ४५ वॅट घेतात. त्यावरून ते सोळा तास चालतील असा हिशेब निघतो. थंडीत बॅटरीची क्षमता काहीशी घटते, यास्तव बारा-तेरा तासच धरावेत. याच बॅटरीवर ड्रिल चालविल्यास ती लवकर रिकामी होईल व दिवेही जातील.

बॅटरीत ऊर्ध्वपातित पाणीच घालावे. भारताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, म्हणून तिच्याजवळ काडी पेटवू नये व वेल्डिंगची ठिणगी पोचेल अशा जागी ती ठेवू नये.

वीज परत आल्यावर

वीज आली की लगेच सारे स्विच वर करण्याची घाई असते. त्या क्षणी संपूर्ण गावाचा भार एकदम पडतो, दाब खालीवर होतो व नुकतेच बदललेले रोहित्र पुन्हा जळू शकते. निदान दहा मिनिटे थांबावे. तिन्ही फेज आले आहेत का व दाब पुरेसा आहे का, हे व्होल्टमीटरवर पाहावे. नंतर एकेक यंत्र काही वेळाच्या अंतराने सुरू करावे.

तीनपैकी एक फेज आला नसेल तर मोटर फिरत नाही, नुसती घुमते व काही मिनिटांत तिचे वेटोळे जळते. खंडानंतर कर्मशाळेत जळक्या मोटरींची रांग लागते तिचे हे एक मोठे कारण आहे. ही मोटर पुन्हा भरून घेण्याच्या मानाने फेज गेल्यास मोटर बंद करणारे संरक्षक यंत्र फारच स्वस्त पडते. मोटर भरून दिलेल्या प्रत्येक शेतकऱ्याला कारागिराने हे यंत्र बसविण्याचा सल्ला द्यावा. त्याने स्वतःचे एक गिऱ्हाईक कमी झाले तरी गावचे एक पीक वाचते. भरलेल्या मोटरीचे व्हार्निश वीज नसताना उन्हात वाळवावे लागते व हिवाळ्यात त्यास अधिक वेळ लागतो. ते पुरते वाळण्यापूर्वी मोटर नेण्याची घाई शेतकऱ्याने करू नये.

गावाने एकत्र येऊन करावयाची तयारी

एकट्या कारागिराला इंजिन, जनित्र व बॅटरी या सर्वांचा खर्च झेपेलच असे नाही. गावाने मिळून ही तयारी करावी. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने दिवाळीपूर्वी गावातील चालू इंजिने, ट्रॅक्टर, जनित्रे व हातभाते यांची यादी करून पंचायतीच्या कार्यालयात लावावी. कोणाचे साधन कोणाला, किती दराने मिळेल, हे शांतपणे आधीच ठरवावे. अडचण आल्यावर दर ठरवू गेल्यास भांडणे होतात. शेतकरी गट किंवा अवजारे बँक असल्यास एक जनित्र सामाईक घेता येईल.

सुटे भागही वेळेवर आणून ठेवावेत. फ्यूजची तार, स्टार्टरची कॉइल, इंजिनाचे नोझल व गाळणी, पट्टा व त्याचे जोड एवढ्या वस्तू जवळ असाव्यात. विजेचे सामान पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत मिळते. परंतु वीज गेल्यावर तेथे जाण्यात दिवस मोडतो आणि त्या दिवशी इतर गावांची माणसेही तेथेच आलेली असतात.

सर्वांत उपयुक्त तयारी मात्र बिनखर्चाची आहे. थंडी सुरू होण्यापूर्वी एका दिवशी कर्मशाळेचा मेन स्विच मुद्दाम दोन तास बंद ठेवावा व नेहमीची कामे करून पाहावीत. भात्याचे चामडे फाटलेले आहे, इंजिनाचे हँडल सापडत नाही, पट्टा आखूड पडतो, बॅटरी अर्ध्या तासात बसते, असे दोष त्या दोन तासांत उघडकीस येतील. त्या दिवशी ते दुरुस्त करण्यास सवड असते. डिसेंबरच्या पहाटे गव्हाला पाणी हवे असताना ती सवड मिळत नाही.

दिवसा शेतीला वीज मिळावी म्हणून २०१७ मध्ये महाराष्ट्रात मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू झाली आणि सौर पंपही अनेक शेतांवर आले आहेत. हिवाळ्यात या भागातील आकाश बहुधा निरभ्र असल्याने दिवसा त्यांचा चांगला उपयोग होतो. तथापि तेही यंत्रच आहे. त्याची तार तुटेल, त्याचा नियंत्रक बिघडेल आणि ते दुरुस्त करण्यासाठी शेतकरी गावच्या कर्मशाळेच्याच दारात येईल. म्हणून कर्मशाळा चालू राहणे ही एकट्या कारागिराच्या पोटापाण्याची गोष्ट नसून साऱ्या गावाच्या रब्बीची राखण होय. या वर्षीची दिवाळी येण्यापूर्वी प्रत्येक गावाने मेन स्विच खाली ओढून दोन तासांची ही परीक्षा अवश्य द्यावी.